कोर्टातला अर्थ कोण ठरवतो?

एका कान्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला आधी गंमत वाटते. संसदेने 1976 साली अनुसूचित जमातींच्या याद्यांत दुरुस्ती करणारा कायदा केला. बिहारच्या यादीत इंग्रजी पाठात 'लोहारा' असे नाव होते, हिंदी अनुवादात 'लोहार' छापले गेले. लोहारा ही आदिवासी जमात आणि लोहार हे भात्यापाशी बसून लोखंड ठोकणारे कारागीर. बिहारात ते इतर मागासवर्गात मोडतात. पण हिंदी वाचणाऱ्याने हिंदी पाठ वाचला, त्यात आपल्या जातीचे नाव पाहिले आणि दाखला मागितला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दोन पाठांत विसंगती असेल तर इंग्रजी पाठ प्रमाण. लोहार हे अनुसूचित जमातीत नाहीत. वाद तेवढ्यावर मिटला नाही. बिहार सरकारने 2016 साली अधिसूचना काढून लोहारांना जमातीचे दाखले द्यायला सुरुवात केली आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला तीही रद्द करावी लागली. म्हणजे कान्याचे आयुष्य पंचेचाळीस वर्षांचे झाले.

आपल्याकडे अशा वेळी 'ध चा मा' आठवतो. पण शनिवारवाड्याच्या त्या आख्यायिकेत कुणीतरी जाणूनबुजून अक्षर बदलले असे म्हणतात. येथे कुणीच काही बदलले नव्हते. अनुवादकाने सवयीचा शब्द लिहिला, मुद्रणालयाने तो छापला, राजपत्राने त्यावर शिक्का मारला आणि लोकांनी राजपत्रावर विश्वास ठेवला. चूक शोधायला गेले तर तिथे गुन्हेगार सापडत नाही. त्यामुळेच हा विषय अवघड आहे.

या पुस्तकाचा विषय तोच: कायद्यातला एखादा शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की न्यायालय त्याचा अर्थ कसा लावते. नाव वाचून हे भाषांतरविद्येचे पुस्तक आहे, असा समज होईल. भाषांतर यात आहेच, पण मला वाचकाला आधी एक गोष्ट सांगायची आहे, म्हणजे पुढची प्रकरणे वाचताना गोंधळ होणार नाही. 'या शब्दाचा अर्थ काय?' असे आपण शब्दकोशाला विचारतो. न्यायालय त्याच्या आधी दुसराच प्रश्न विचारते: 'यातला कायदा कोणता?' दोन भाषांत दोन पाठ समोर असतील तर त्यातल्या एकालाच कायदा म्हणायचे, की दोघांना? याचे उत्तर मिळाल्यावर मगच अर्थाची चर्चा सुरू होते, आणि बहुतेक वेळा तोवर ती संपलेलीही असते.

आपल्या राज्यघटनेने हे उत्तर अनुच्छेद 348 मध्ये देऊन ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये यांचे कामकाज, आणि विधेयके, कायदे, नियम यांचे प्राधिकृत पाठ, संसद वेगळी तरतूद करीपर्यंत इंग्रजीत. एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने आपले कायदे स्वतःच्या भाषेत करायचे ठरवले, तर त्यांचा इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि तोच त्या कायद्याचा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ ठरतो. यातली मौज पाहा. आमदार ज्या मजकुरावर चर्चा करतात तो मराठी, ज्यावर मतदान होते तो मराठी, आणि उच्च न्यायालयात कायदा म्हणून वाचला जातो तो त्याचा अनुवाद. अनुवाद मुळाच्या डोक्यावर बसण्याची अशी उदाहरणे वाङ्मयात क्वचित मिळतील.

महाराष्ट्राला बिहारच्या कान्याकडे पाहून हसण्याची सोय नाही. विदर्भातल्या हलबा-कोष्टींचा प्रश्न दोन-तीन पिढ्या न्यायालयांत फिरत राहिला. यादीत 'हलबा, हलबी' एवढीच नोंद आहे. कोष्टी म्हणजे विणकर. आपण मूळचे हलबाच, विणकाम हा पुढे पत्करलेला धंदा, असे त्यांचे म्हणणे. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, यादी जशी आहे तशीच वाचायची. तिच्यात अमुक समाज अभिप्रेत आहे का, याची चौकशी न्यायालयाने करायची नाही, पुरावाही घ्यायचा नाही. अनुच्छेद 342 प्रमाणे राष्ट्रपतींनी यादी काढायची आणि तिच्यात भर घालायची किंवा काही वगळायचे ते फक्त संसदेने. तोवर पूर्ण झालेल्या प्रवेशांना व नेमणुकांना न्यायालयाने धक्का लावला नाही, पण शब्दाचे दार मात्र बंद केले.

'धनगड' आणि 'धनगर' यांचा वाद याच वाटेने गेला. महाराष्ट्राच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. धनगर समाजाचे म्हणणे असे की, धनगड नावाचा वेगळा समाज राज्यात नाहीच. रोमन लिपीतल्या अक्षराने केलेला हा घोळ आहे, अभिप्रेत होते ते धनगरच. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये याचिका फेटाळल्या. यादीत जे छापले आहे तेच आहे. कोणाची बाजू खरी, हे ठरवण्याची ही जागा नव्हे आणि ते काम माझेही नव्हे. मला दाखवायचे आहे ते लिपीचे. हिंदीत 'ड'खाली टिंब दिले की त्याचा उच्चार 'र'कडे झुकतो. मराठीत ते टिंब नाही. रोमनमध्ये तर ड, द आणि ते टिंबवाले अक्षर सगळ्यांना एकच चिन्ह, आणि कधी कधी त्याच ध्वनीसाठी 'र'चे चिन्ह. 'ओरिसा'चे अधिकृत 'ओडिशा' व्हायला 2011 साल उजाडले, ते याच घोळापायी. राज्याचे नाव बदलले तर फार तर पाट्या रंगवाव्या लागतात. जमातीच्या नावातले अक्षर बदलले तर त्यावर हजारो मुलांच्या प्रवेशाचे आणि नोकरीचे गणित उभे असते.

आता जरा खाली, तालुक्याच्या कोर्टात येऊ. तिथे नावांचा नव्हे, रोजच्या शब्दांचा प्रश्न असतो, आणि माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

जमिनीच्या दाव्यातला 'वहिवाट' हा शब्द घ्या. शेतकरी म्हणतो, 'त्या बांधापासून वढ्यापर्यंत आमची वहिवाट आहे.' या एका शब्दात जमीन त्याच्या हातात आहे, तो ती कसतो, तिच्यातून जातो-येतो, गवत कापतो, सगळे येते. ती कोणत्या हक्काने, हे मात्र त्यात येत नाही. मालक म्हणून, कूळ म्हणून, भावाच्या वतीने, की शेजाऱ्याने काही म्हटले नाही म्हणून? गावात हा प्रश्न पडत नाही. वहिवाट म्हणजे वहिवाट. कायद्यात मात्र प्रत्येकाचे घर वेगळे. दुसऱ्याची जमीन त्याच्या हक्काला उघड उघड आव्हान देऊन ताब्यात ठेवल्याचे म्हणणे असेल तर मुदतीच्या कायद्यातली 12 वर्षे. शेजाऱ्याच्या जमिनीतून हक्काने जाण्यायेण्याचे म्हणणे असेल तर 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातली 20 वर्षे. कूळ म्हणून असेल तर 1948 च्या कुळकायद्याचे सगळे रामायण, आणि तिथे तर कायद्याच्या नावातच वहिवाट बसलेली आहे: कुळवहिवाट. आता हाच दावा दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालयात गेला की कागदपत्रे इंग्रजीत करावी लागतात. अनुवादक 'वहिवाट'ला 'पझेशन' लिहितो, किंवा 'युजर', किंवा 'कल्टिव्हेशन'. तिन्ही बरोबर आहेत, कारण मूळ शब्दात तिन्ही आहेत. पण यातला कोणता शब्द कागदावर उतरला त्यावर समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा मिळतो. ताबा हा शब्द आला की तो म्हणणार, साक्षीदार स्वतःच ताबा सांगतो आहे, जाण्यायेण्याचा हक्क मग कसला? आपल्याच जमिनीवरून जायला कुणी सुविधाधिकार मागतो का?

येथे आणखी एक थर आहे. साक्षीदाराचे म्हणणे आता बहुधा त्याच्या तोंडून येतच नाही. 2002 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, आणि ते वकिलाच्या टेबलावर तयार होते. शेतकऱ्याच्या वहिवाटीचा तिथेच 'प्रत्यक्ष, निर्वेध व शांततामय कब्जा' होतो. मग उलटतपासणीत तो माणूस पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याला विचारले जाते, 'कब्जा म्हणजे काय?' उत्तराच्या जागी त्याचा चेहराच नोंदवायला हवा, पण रोजनाम्यात चेहऱ्याला रकाना नसतो. नोंद होते ती ठरलेल्या साच्यात: 'हे म्हणणे खरे नाही की...' मराठी जबान्या वाचणाऱ्याला हे वाक्य पाठ असते. असे वाक्य गावातला कोणताही माणूस बोलत नाही. ते मराठी लिपीतले इंग्रजी वाक्य आहे, आणि वकिलाची सूचना साक्षीदाराने नाकारली एवढाच त्याचा अर्थ.

कोर्टाची मराठी ही अशी वेगळीच बोली आहे, आणि तिच्या नादी लागलेल्या माणसाला ती आवडू लागते हेही कबूल करायला हवे. बाहेर 'दरखास्त' शब्द आता कुणी फारसा वापरत नाही. कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज. बाहेर 'कैफियत' म्हणजे गाऱ्हाणे, कोर्टात ती प्रतिवादीने द्यायची. 'निशाणी 5' म्हटले की तालुक्याच्या कोर्टातला शिपाईसुद्धा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज समजतो, कारण वर्षानुवर्षे त्या अर्जाला तोच क्रमांक पडत आला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश केला, तो फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द घालण्यासाठी. त्याला साडेतीन शतके होत आली. तरी वकील, दावा, फिर्याद, जामीन, तहकुबी, मुखत्यारपत्र हे सगळे ठाण मांडून बसले आहेत. कोशकारांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण कोर्टातला शब्द कोशाने जात नाही आणि कोशाने येतही नाही. ज्या शब्दावर लोकांची मिळकत एकदा ठरली, तो शब्द सहजासहजी सोडायला कुणी तयार नसते.

दोन पाठांना समान मान द्यायचा ठरवला तर काय होते, हे पाहायला युरोपात जावे लागते. 1969 साली तेव्हाच्या युरोपीय समुदायाकडे लोण्याचे ढीग साठले होते. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ते कूपनवर स्वस्तात द्यावे असा निर्णय झाला. निर्णय चार भाषांत निघाला. जर्मन आणि डच पाठात कूपन लाभार्थ्याच्या नावाचे असावे असे होते. फ्रेंच आणि इटालियन पाठात ते 'व्यक्तिगत' असावे एवढेच. जर्मनीतल्या उल्म शहरातला एक मदतधारक कोर्टात गेला. लोणी घेताना दुकानदाराला माझे नाव कशाला कळायला हवे, माझ्या गरिबीची दवंडी कशाला, असे त्याचे म्हणणे. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने जर्मन माणसाला जर्मन पाठ दाखवून परत पाठवले नाही. सर्व पाठ एकत्र वाचले, हेतू काय ते पाहिले, आणि सांगितले की हेतू साधत असेल तर माणसावर कमीत कमी भार टाकणारा अर्थ घ्यायचा. कूपनावर नाव असलेच पाहिजे असे नाही. आज त्या समुदायाचा युरोपीय संघ झाला आहे, त्याच्या 24 अधिकृत भाषा आहेत आणि सगळ्यांचे पाठ समान अधिकाराचे. 1982 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने राष्ट्रीय न्यायालयांना बजावले की, एखाद्या तरतुदीचा अर्थ स्वच्छ आहे असे म्हणण्यापूर्वी इतर भाषांतले पाठ ताडून पाहा, आणि हेही लक्षात ठेवा की संघाच्या कायद्यातल्या शब्दाला स्वतःचा अर्थ असतो, तुमच्या देशातल्या कायद्यातला तोच शब्द म्हणजे तोच अर्थ नव्हे.

यातला खर्च आणि वेळ मोठा आहे हे उघड आहे. पण तत्त्व पाहा. तिथे दोन पाठांतली विसंगती हा नागरिकाचा दोष मानला जात नाही; ती कायद्याची अडचण आहे आणि ती सोडवण्याची जबाबदारी न्यायालयाची. आंतरराष्ट्रीय करारांनाही 1969 च्या व्हिएन्ना कराराने हाच नियम लावला आहे: सर्व प्राधिकृत पाठांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरायचे, आणि मेळ बसत नसेल तर कराराच्या उद्देशाला धरून जो अर्थ पाठांची सांगड घालील तो घ्यायचा. जर्मनी विरुद्ध अमेरिका या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2001 साली याचाच आधार घेतला. न्यायालयाचे अंतरिम आदेश बंधनकारक आहेत की नुसती शिफारस, हा प्रश्न होता. इंग्रजी पाठ मवाळ होता, फ्रेंच पाठ 'केलेच पाहिजे' अशा सुरात. न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले. ज्या जर्मन नागरिकाचा देहदंड थांबवण्यासाठी असा आदेश निघाला होता, त्याला अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याने 1999 मध्येच मृत्युदंड दिला होता.

गोव्याची गोष्ट याहून विलक्षण. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. 1961 साली गोवा मुक्त झाला, संहिता मात्र राहिली. पुढे पोर्तुगालने स्वतः नवी संहिता करून जुनी मोडीत काढली. गोव्यात जुनीच चालू राहिली. म्हणजे ज्या देशाने कायदा लिहिला तिथे तो इतिहास झाला, आणि पणजी-मडगावच्या न्यायालयांत त्याच पोर्तुगीज मजकुरावर, अनुवादाच्या आधाराने, इंग्रजीत युक्तिवाद होत राहिले. त्यातला 'लेजितिमा' हा शब्द मराठीत आणून दाखवा असे माझे अनुवादकांना आव्हान आहे. बापाला मुलांपासून तोडता येत नाही असा मिळकतीतला वाटा, सध्या निम्मा. 'वारसाहक्क' म्हटले तर मृत्युपत्राने तो उडवता येईल असे कोल्हापूरच्या माणसाला वाटणार, कारण इथे स्वकष्टार्जित मिळकत हव्या त्याच्या नावे करता येते. 'वडिलोपार्जित हिस्सा' म्हटले तर तेही चूक, कारण मिळकत बापाने स्वतः कमावलेली असली तरी वाटा सुटत नाही. हा प्रश्न गोव्यापुरता आहे असेही नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मिळकतीलाही हाच कायदा लागू. त्या दाव्यातली मिळकत मुंबईत होती.

आता मराठीच्या स्थितीबद्दल थोडे, आणि थोडे कडवट. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. भाषा संचालनालयाने न्याय व्यवहार कोश केला. 1998 साली राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतले अनुवाद राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात आले की त्या भाषेतले प्राधिकृत पाठ मानावेत असा 1973 चा कायदा आहे. कागदावर बरेच आहे. तरी लोक म्हणतात, कायद्याची मराठी बोजड आहे, 'परंतुक' आणि 'तदन्वये' कुणाला कळतात? मला ही तक्रार अर्धीच पटते. 'सदोष मनुष्यवध' हा शब्द जिभेला जड आहे, पण 'खून' आणि तो यांत नेमका भेद आहे, आणि त्या भेदावर फाशी आणि काही वर्षांची सजा यांतले अंतर अवलंबून असते. सोपेपणाच्या हट्टापायी दोन्हींना 'हत्या' म्हणणारी बातमी वाचकाला सोपी नव्हे, चुकीची माहिती देते.

मराठी शब्दाचे खरे दुबळेपण दुसरीकडे आहे. कायद्यातला शब्द व्याख्येने भरत नाही, निकालांनी भरतो. इंग्रजीतल्या त्याच संज्ञेमागे दीडशे वर्षांचे निकाल उभे आहेत: अमुक घावाला काय म्हणायचे, तमुक हेतूला काय. मराठी संज्ञेमागे कोशातली एक ओळ आहे. वरच्या न्यायालयात त्या शब्दावर मराठीत कधी वाद झालाच नाही, मग त्याला अर्थ चिकटणार कुठून? सर्वोच्च न्यायालय आता आपल्या निकालांचे मराठी अनुवाद उपलब्ध करून देते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या अनुवादाबरोबर सूचना असते की, हा मजकूर पक्षकाराला समजावा एवढ्यापुरताच आहे, अन्य कशासाठी वापरू नये. अंमलबजावणीसाठी इंग्रजी निकालच खरा. सूचना प्रामाणिक आहे. पण ती वाचल्यावर मराठी पक्षकाराने काय समजायचे? तुला कळेल ते कायदा नाही, आणि कायदा आहे ते तुला कळणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. एक तर मराठी पाठाला इंग्रजीच्या बरोबरीचा दर्जा द्यावा आणि दोघांत विसंगती निघाली तर लक्झेंबर्गप्रमाणे हेतू पाहून, नागरिकाला कमी जाचक अर्थ घ्यावा. ते जमत नसेल, तर सरकारने स्वतः राजपत्रात छापलेल्या मराठीवर विसंबून वागलेल्या माणसाला निदान त्या चुकीचा भुर्दंड पडू नये. बिहारच्या लोहारांनी काही खोटे छापले नव्हते. या पुस्तकाच्या लेखकाचे मत याहून सौम्य आहे. अनुवाद चांगले झाले की विसंगती आपोआप कमी होतील असा त्यांचा विश्वास दिसतो. तो मला पटत नाही, कारण 'वहिवाट'चा अनुवाद कितीही चांगला केला तरी एकच होणार नाही. पण त्यांनी जमवलेली शब्दांची उदाहरणे इतकी भरीव आहेत की वाचक आपले मत आपण बनवील.

वकिलांनी हे पुस्तक वाचावेच. पण मला जास्त काळजी आहे ती साक्षीला जाणाऱ्यांची, म्हणून त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट सांगतो. तुमची जबानी तुम्ही बोललात त्याहून वेगळ्या भाषेत लिहिली गेली असेल आणि ती भाषा तुम्हाला समजत नसेल, तर लिहिलेला मजकूर तुमच्या भाषेत समजावून सांगितला गेला पाहिजे. दिवाणी दाव्यात हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 6 मध्ये आहे. फौजदारी खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 313 मध्ये. सही करण्यापूर्वी ते मागा.